डोमेन विकताना पाडून मागणारी गिऱ्हाइकं: उत्तर द्यायचं का, आणि दिलं तर काय?

वाड्यावरचा
मंडळी, हा धागा फक्त पडेल ऑफरींसाठी. समजा नावं दोन प्रकारची आहेत. एक, शहर + धंदा अशी इंग्रजी जोडनावं डॉट कॉममध्ये. दुसरी, रोमन लिपीत लिहिलेले मराठी शब्द, काही डॉट कॉम, काही डॉट इन. मनात भाव ८० हजार ते अडीच लाख, आणि चौकशी येते ती "दोन हजारात देता का?" किंवा "५० डॉलर, फायनल" अशी. प्रश्न चार:
१) उत्तर द्यावं की सोडून द्यावं?
२) विक्रीच्या पानावर किंमत लिहावी की "ऑफर द्या" एवढंच ठेवावं?
३) समोरचा खरा गरजू आहे की दुसरा डोमेनवालाच, हे कसं ओळखायचं?
४) खाली कुठवर यायचं, हे ठरवायचं कशावर?
"भाव देऊ नका, ठाम राहा" छापाचे सल्ले नकोत, नीट हिशोब हवा.

कोरा_कागद
तिसऱ्यापासून सुरू करतो, बाकीची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत.

चौकशी आली की आकडा बाजूला ठेवा आणि माणूस शोधा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

ईमेल कंपनीच्या पत्त्यावरून आला असेल तर ती साइट उघडा. नाव तेच, पण शेवट डॉट इन, डॉट को किंवा डॉट नेट असेल तर समोरच्याला डॉट कॉम हवं आहे आणि ते का हवं हे त्याला रोज कळतंय, कारण त्याचे काही ईमेल चुकून डॉट कॉमकडे जात असतात. अशा माणसाची ३,००० ची ऑफर म्हणजे नुसतं दार वाजवणं, त्याचं खरं बजेट नव्हे.

साध्या जीमेलवरून आला तर त्याच नावाचे बाकीचे शेवट कोणी नोंदवलेत ते आरडॅप शोधात, म्हणजे नावाच्या नोंदणीचा तपशील दाखवणाऱ्या शोधात, पाहा (जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी अधिकृत पद्धत तीच, जुनं हूइज मागे पडलं). नोंदणीची तारीख महत्त्वाची. मागच्या आठवड्यात कोणी डॉट इन घेतलं असेल तर नवा धंदा उभा राहतोय. मग कंपनी मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नाव आणि आयपी इंडियाच्या सार्वजनिक शोधात ट्रेडमार्कचा अर्ज बघून घ्या.

डोमेनवाला भाषेवरून ओळखू येतो. "रिन्यूअल कधी आहे", "रजिस्ट्रार कोणता", "पुश करता येईल का", "घाऊक भाव सांगा". असे शब्द गरजू माणूस वापरत नाही (रजिस्ट्रार म्हणजे नाव नोंदवून देणारी कंपनी, पुश म्हणजे तिच्याकडच्याच एका खात्यातून दुसऱ्यात नाव देणं). तो म्हणतो, "हे नाव विकायला आहे का, किती?" डोमेनवाल्याला पुढे विकून नफा काढायचाय, त्यामुळे तो किरकोळ भावाच्या दहा-पंधरा टक्क्यांवर कधी जाणारच नाही. त्याला एका ओळीत नम्र नकार, घासाघीस नको.

तिसरी जात दलालांची. रजिस्ट्रारची दलाली सेवा मागून चौकशी करते तेव्हा पहिला आकडा बहुधा हलकाच असतो. पण कोणीतरी ही सेवा पैसे मोजून घेतलीय, हीच खबर मोठी. अशी चौकशी आली की किंमत खाली आणायची घाई करू नका.

घासाघीस_मास्तर
पहिल्याचं उत्तर: शिवी सोडून सगळ्यांना उत्तर द्या. मजकूर असा चार ओळींचा, इंग्रजीत असो वा मराठीत:

"नमस्कार. चौकशीबद्दल आभार. आपण सांगितलेल्या रकमेत हे नाव देता येणार नाही. याची किंमत १,८०,००० रुपये आहे. हा भाव पुढच्या शुक्रवारपर्यंत कायम राहील. पैसे एस्क्रोमधून, नाव आपल्या खात्यात आल्यावरच मला मिळतील."

बस. (एस्क्रो म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारा तिऱ्हाईत.) किंमत इतकी का, हे लिहायचं नाही. कारण दिलं की समोरचा कारणाशी भांडतो. "शब्द छोटा आहे" म्हटलं की तो म्हणतो "पण शोध कमी आहेत", आणि मग तीन ईमेल त्यातच जातात. "याहून मोठी ऑफर नाकारलीय" हे खरं असेल तरी लिहू नका, विश्वास कोणी ठेवत नाही.

उत्तर पाच मिनिटांत नको, त्यातून अधीरपणा दिसतो. तीन दिवसांनीही नको, तोवर त्याने दुसरं नाव घेतलेलं असतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळात.

उतरायचं तर पायऱ्या आखडत्या ठेवा. १,८०,००० वरून १,६५,००० आणि मग १,५८,०००. पहिली उतरण १५ हजारांची, दुसरी ७ हजारांची. तळ जवळ आलाय हे न सांगता कळतं. लोक नेमकं उलटं करतात. आधी ५ हजार सोडतात, गिऱ्हाईक अडलं की घाबरून एकदम ४० हजार. मग समोरचा म्हणतो, अजून थांबलो तर अजून पडेल.

आणि "शेवटचा भाव" हे शब्द फक्त एकदा.

रविवार_पेठ
@घासाघीस_मास्तर, आकड्याआधी "तुमचं बजेट किती?" असं विचारलेलं बरं नाही का? निदान अंदाज येतो.

घासाघीस_मास्तर
नाही. ज्याने ३,००० म्हटलंय तो बजेट ५,००० सांगणार, आणि एकदा ५,००० लिहिले की पुढची सगळी बोलणी त्या खुंटीभोवती फिरणार. पहिला वजनदार आकडा आपला असावा. बजेट विचारायचंच तर वेगळ्या वेळी: तो १,८०,००० वाचून "फार होतात" म्हणाला की विचारा, "एकरकमी जड जातंय की एकूणच जास्त वाटतंय?" पहिलं असेल तर हप्ते, दुसरं असेल तर थोडी उतरण. हप्त्यांत नाव पूर्ण फिटेपर्यंत एस्क्रोच्या किंवा बाजाराच्या (नावं विकणाऱ्या साइटच्या) ताब्यात राहतं, त्याने फक्त वापरायचं. हप्ता चुकला तर नाव परत, भरलेले पैसे आपल्याकडे. १२ हप्त्यांपर्यंत ठीक. त्यापुढे सूट देऊ नका, उलट थोडा भाव वाढवा.

हिशोबनीस_बाई
चौथा प्रश्न कोणी धरला नाही, म्हणून लिहिते.

तळ नावाच्या सौंदर्यावर ठरत नाही, तो आपल्या गाठोड्याच्या, म्हणजे बाळगलेल्या सगळ्या नावांच्या, खर्चावर ठरतो. डॉट कॉमचा घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. रजिस्ट्रारचा नफा आणि जीएसटी धरून नूतनीकरणाला ढोबळ १,२०० रुपये धरू. १०० नावं असतील तर वर्षाला १,२०,०००. आता वर्षाला किती विकली जातात? धंद्यातला ठोकताळा शंभरात एक ते दोन. दोन विकली गेली तर प्रत्येकी ६०,००० हातात पडले तेव्हा कुठे बरोबरी. बाजाराची दलाली १५ टक्के धरली तर विक्रीची किंमत ७०,६०० च्या आसपास. एकच विकलं गेलं तर १,४१,०००. म्हणजे सगळी नावं १५-२० हजारांत काढणारा माणूस दर वर्षी तोट्यात जातो, फक्त त्याला ते एकेका सौद्यात दिसत नाही.

हे झालं गाठोड्याचं. एका नावाचा हिशोब मात्र उलट बोलतो, आणि "ठाम राहा"वाल्यांना तो आवडत नाही. समजा भाव दोन लाख, दलाली जाऊन १,७०,०००. वर्षात विकलं जायची शक्यता दीड टक्का, म्हणजे सरासरी २,५५० रुपये वर्षाला. त्यातून १,२०० नूतनीकरण वजा, उरले १,३५०. दहा वर्षं थांबलं तरी १३,५००. मग आज थेट १५,००० रोख देणारा माणूस "पाडून मागतोय" असं म्हणायचं का?

कोरा_कागद
@हिशोबनीस_बाई, हिशोब बरोबर, पण दीड टक्का कधीचा? कोणीच विचारत नसतानाचा. इथे तर माणूस दारात उभा आहे.

हिशोबनीस_बाई
तेच पुढे लिहीत होते. समोर गिऱ्हाईक असताना तुलना अशी करायची: काउंटर (उलट भाव) दिला आणि तो ८०,००० पर्यंत यायची शक्यता 'श' मानू, नाहीतर तो निघून जातो आणि आपल्याकडे ते १३,५०० चं थांबणं उरतं. १५,००० घेण्याशी बरोबरी व्हायला 'श' किती लागतो? साधारण सव्वादोन टक्के. शंभर गिऱ्हाइकांतली तीन जरी वर आली तरी काउंटर देणं फायद्याचं. आणि निघून गेलेल्यांतले काही महिन्याभराने त्याच आकड्यावर परत येतात, ते वेगळं.

म्हणून माझी पद्धत अशी: पहिल्या पडेल ऑफरीला काउंटर नेहमी द्यायचा. पण दोन फेऱ्या झाल्यावर, समोरचा खरोखर हललेला नसताना, आकडा आपल्या तळाच्या वर असेल तर सही करायची. नावाची लायकी बघून तळ आधीच वहीत लिहिलेला हवा. ऑफर आल्यावर काढलेला तळ त्या ऑफरीच्या जवळच सापडतो.

मात्र ही सूट सुमार नावांना. एकशब्दी, सरळ धंद्याचं, ज्याची दुसरी आवृत्ती नाही असं डॉट कॉम असेल तर दीड टक्क्याचा हिशोब लागू नाही. ते नूतनीकरण भरत बाळगायचं.

डॉटकॉम_चाळ
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. फक्त "ऑफर द्या" ठेवलं की ५० डॉलरवाले येणारच, कारण त्यांना अंदाज द्यायला तुम्ही काहीच ठेवलेलं नाही. अडीच लाखांपर्यंतच्या नावाला पानावर सरळ किंमत लिहा, सोबत हप्त्यांचा पर्याय. बोलणी न होता विकली जाणारी नावं अशीच विकली जातात. रात्री अकराला धंद्याचं नाव ठरवणाऱ्या माणसाला ईमेल लिहून उत्तराची वाट बघायची नसते. "ऑफर द्या" हे फक्त दहा-वीस लाखांच्या नावांना, जिथे किंमत गिऱ्हाइकाच्या आकारावर ठरते.

किमान ऑफरीची चौकट भरा. मागणीच्या २० ते ३० टक्के पुरे. ८० टक्के ठेवली तर कचरा थांबतो, पण ज्याला ओढून वर आणता आलं असतं तोही थांबतो.

आता जिथे लोक हमखास अडकतात ते. आफ्टरनिकसारख्या बाजारात तीन वेगळे आकडे भरायचे असतात: लगेच-खरेदीची किंमत, किमान ऑफर, आणि तळकिंमत. किमान ऑफर म्हणजे एवढ्याखालची चौकशी पोचवू नका. तळकिंमत म्हणजे एवढ्यापर्यंत विक्रेता यायला तयार आहे, असं तुम्ही त्यांच्या विक्री प्रतिनिधीला दिलेलं वचन. दोन वर्षांपूर्वी मंदीत भरलेली तळकिंमत तशीच राहिली असेल तर नाव त्या आकड्याला जाऊ शकतं आणि तक्रारीला जागा नसते. वर्षातून एकदा, नूतनीकरणाच्या वेळी, तिन्ही आकडे तपासा.

आणि नाव दोन बाजारांत असेल तर किंमत दोन्हीकडे एकच ठेवा. एकीकडे दोन लाख, सेडो या दुसऱ्या बाजारात जुने ६०० युरो राहिलेले, आणि गिऱ्हाईक ईमेलमध्ये "५०,०००" म्हणतंय. मग ते पाडून मागत नाहीये, तुमचीच जुनी किंमत तुम्हाला वाचून दाखवतंय.

झुणकाभाकर
रोमनमधल्या मराठी नावांबद्दल कोणी बोललं नाही. तिथे कमी ऑफर येण्याचं कारण बहुतेक वेळा रास्त असतं. झुणका 'झेड'ने की 'जेएच'ने? भाकरी की भाकरीतला मधला 'ए' गाळून? मिसळीत एक 'ए' की दोन? एका शब्दाची चार स्पेलिंगं होतात, त्यातली दोन अजून मोकळी असतात, आणि गिऱ्हाइकाला ती हजार रुपयांत मिळतात. त्याच्याकडे पर्याय आहे तेवढा तुमचा भाव कमी.

मागणी लिहिण्याआधी चारही स्पेलिंगं शोधून बघा. दुकानांच्या पाट्या, इन्स्टाग्राम आणि नकाशावरच्या नोंदी यांत कोणतं स्पेलिंग चालतं ते मोजा. तुमचं तेच असेल आणि बाकीचीही गेलेली असतील तर ताणा. तुमचं दुय्यम असेल तर १०-१५ हजारांची ऑफर पडेल नाही, बाजारभावच आहे. डॉट इनला तर अजून एक गोष्ट: खरेदीदार बहुधा एका गावातला एक व्यवसाय असतो, त्याच्या वर्षाच्या जाहिरातखर्चाशी तुमचा आकडा जुळला पाहिजे.

डॉट भारतमधली देवनागरी नावं २०१४ पासून मिळतात, पण पुनर्विक्रीचा बाजार अगदी विरळ. तिथे घासाघीस करत बसू नये.

वाड्यावरचा
स्पेलिंगचा मुद्दा भारी. पण मग तुलनेला जुन्या विक्रीच्या किमती कुठे बघायच्या? आणि रजिस्ट्रारचं यंत्र जो अंदाज देतं तो गिऱ्हाइकाला दाखवावा का?

कोरा_कागद
नेमबायो या साइटवर झालेल्या विक्री शोधता येतात. शब्द तोच, शेवट तोच, गेली तीन-चार वर्षं, एवढी चाळणी लावा. पण लिलावातल्या किमती घाऊक असतात, त्या किरकोळ मागणीला पुरावा म्हणून दाखवू नका आणि गिऱ्हाइकाने दाखवल्या तर हाच फरक एका वाक्यात सांगा. यंत्राचा अंदाज अजिबात दाखवू नका. तो तुमच्यापेक्षा जास्त निघाला तर कोणी मानत नाही, कमी निघाला तर तुमच्याच गळ्यात.

कलम_कसाई
जरा कायद्याचं, कारण काही "पडेल ऑफरी" मुळात ऑफरी नसतातच.

युडीआरपी ही १९९९ पासूनची डॉट कॉमवगैरेची तंट्याची पद्धत. त्यात वाईट हेतूचं एक उदाहरण स्पष्ट दिलंय: ट्रेडमार्कच्या मालकाला, प्रत्यक्ष खर्चाहून जास्त पैशात विकण्याच्याच मुख्य हेतूने नाव नोंदवणं. म्हणून कधीकधी वकिलाचा माणूस साध्या जीमेलवरून ५,००० ची ऑफर टाकतो आणि तुमचा "तीन लाख" असा उलट आकडा फाइलला लावतो. नाव सर्वसाधारण शब्दांचं असेल, मार्कच्या आधीपासूनचं असेल, तर किंमत सांगण्यात काही चूक नाही. पण नाव एखाद्या ब्रँडशी जुळतं असेल तर काउंटर लिहिण्याआधी वकील. विक्रीच्या पानावर त्या ब्रँडच्या स्पर्धकांच्या जाहिराती दिसत असतील तर त्या आधी बंद.

तारीख मोजताना जपा: नाव २००८ मध्ये पहिल्यांदा नोंदलं असेल पण तुम्ही २०२२ मध्ये विकत घेतलं असेल तर तुमची तारीख २०२२.

डॉट इनला, ते चालवणाऱ्या निक्सी या संस्थेची आयएनडीआरपी ही तंट्याची पद्धत लागते आणि ती जास्त कडक आहे. युडीआरपीत नोंदणी *आणि* वापर दोन्ही वाईट हेतूने झाल्याचं दाखवावं लागतं, आयएनडीआरपीत नोंदणी *किंवा* वापर, एक पुरे. शिवाय डॉट इनला मालकाचं नाव लपवणारी सेवा चालत नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाने सत्यम इन्फोवेच्या खटल्यात २००४ मध्येच सांगितलंय की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं पासिंग ऑफचं (दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धचं) संरक्षण मिळतं.

२०२४ मधलं जिओहॉटस्टारचं डोमेन आठवा. दोन कंपन्या एकत्र येणार हे ताडून एकाने नाव घेतलं आणि साइटवर जाहीर पत्र लिहून शिक्षणाचा खर्च मागितला. कंपनीने नकार दिला. विकायच्या हेतूचा पुरावा स्वतःच्या हाताने लिहून ठेवणं, याहून वाईट बोलणी नाहीत.

आणि एक: "ओके, डन" असं व्हॉट्सॲपवर लिहिलं तरी करार होऊ शकतो. उलट, काउंटर दिला की आधीची ऑफर कायद्याने संपते. तो १५,००० वर परत येईलच असा तुमचा हक्क नाही.

रविवार_पेठ
मोठ्या ऑफरीचंही लिहा की. कधीकधी सुमार नावाला अचानक ८,००० डॉलर येतात.

डॉटकॉम_चाळ
त्यानंतर "माझ्या गुंतवणूकदाराला मूल्यांकन प्रमाणपत्र लागतं, या साइटवरून घ्या" असं आलं की ईमेल कचऱ्यात. साइट त्याचीच, ७०-१०० डॉलर घेऊन गायब. खरा खरेदीदार विक्रेत्याला मूल्यांकन विकत घ्यायला लावत नाही.

घासाघीस_मास्तर
भाव जमल्यावरही पाडणं चालू राहतं, हे लक्षात ठेवा. ६०,००० ठरतात आणि मग येतं: "एस्क्रोचा खर्च तुमचा", "जीएसटी यातच", "आधी नाव पाठवा, मग पैसे". म्हणून काउंटरच्या त्याच ईमेलमध्ये लिहा: एस्क्रो शुल्क कोणाचं, कर धरून की सोडून, पैसे किती दिवसांत, नाव कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे. पाच कामाच्या दिवसांत पैसे नाही आले तर भाव रद्द, हेही.

नाव त्याच रजिस्ट्रारकडे ठेवायला तो तयार असेल तर खात्यातून खात्यात पुश, बहुधा त्याच दिवशी होतं. दुसरीकडे न्यायचं तर कुलूप काढा, ट्रान्सफर कोड द्या, पाच-सात दिवस धरा. डॉट कॉम नवं नोंदवून किंवा हलवून ६० दिवस झालेले नसतील तर रजिस्ट्रार सहसा बदलता येत नाही. हे आधी सांगितलं नाही तर गिऱ्हाइकाला तुम्ही टाळताय असं वाटतं आणि तो परत भाव पाडतो.

वाड्यावरचा
भारतातलाच खरेदीदार, ४०-५० हजारांचा सौदा, परदेशी एस्क्रोला कंटाळतो. मग?

हिशोबनीस_बाई
एस्क्रोच्या डॉलर खात्यासाठी तो तयार नसेल तर बाजाराच्या पानावरून विकत घ्यायला सांगा, दलाली भावात धरून. थेटच करायचं तर बँकेतून आयएमपीएस किंवा एनईएफटी, आणि रक्कम खात्यात दिसल्यावरच पुश. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. कार्डाने पैसे घेऊ नका, महिन्या-दोन महिन्यांनी उलटवता येतात आणि नाव तोवर गेलेलं असतं. पेपॅल देशांतर्गत व्यवहारांसाठी एप्रिल २०२१ पासून बंदच आहे.

आधी पैसे द्यायला तो घाबरत असेल तर ते रास्त आहे. त्याला सांगा की मालकीचा पुरावा म्हणून डीएनएसमध्ये (नावाच्या तांत्रिक नोंदींत) तू म्हणशील तो टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची एक ओळ, टाकून दाखवतो. दहा मिनिटांचं काम.

कंपनी खरेदीदार असेल तर पॅनसह साधं बिल तयार ठेवा. काही कंपन्या पैसे देताना टीडीएस कापतात. तो आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत दिसतो, बुडत नाही, पण पॅन दिलेला नसेल तर २० टक्के कापला जातो. ५०,००० ऐवजी ४५,००० आले म्हणून भांडायच्या आधी बिलाखाली काय लिहिलंय ते बघा. विकायलाच नावं घेत असाल तर ते धंद्याचं उत्पन्न, नूतनीकरणाच्या पावत्या खर्चात दाखवायला जपून ठेवा.

झुणकाभाकर
एक राहिलं. नकार देऊन गेलेल्यांची यादी ठेवा: नाव, तारीख, त्याचा शेवटचा आकडा. नूतनीकरणाच्या महिनाभर आधी त्यांना दोन ओळी: "हे नाव अजून उपलब्ध आहे, किंमत १,५८,०००." जी नावं नाहीतर सोडूनच द्यायची, त्यांच्या गिऱ्हाइकाला मात्र त्याच वेळी त्याचाच जुना आकडा सांगून विचारा. १,२०० अजून भरून नंतर सोडण्यापेक्षा ४,००० बरे. उत्तर नाही आलं तर नाव सोडून द्या, आणि सोडताना त्यावरचे ईमेल पत्ते कुठल्या खात्याला जोडलेले नाहीत ना ते बघून घ्या.